पुरानंतर ओढ्यात किडे परत येतात कुठून?

सर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमची शाळा राधानगरी तालुक्यात, भोगावती नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी. फेब्रुवारीत मुलांनी ओढ्यातले दगड उलटून पाहिले तेव्हा खाली किड्यांची गर्दी होती. जुलैत ओढ्याला मोठे पूर येऊन गेले. ऑगस्टच्या अखेरीस पाणी उतरल्यावर त्याच जागी पाहिलं तर दगड घासून काढल्यासारखे, किडा औषधालाही नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा गर्दी. मुलं विचारतायत, हे मेले नव्हते का? मेले असतील तर आता आले कुठून? आणि तुमचा स्वतःचा प्रश्न असा की खाली नदीवर बंधाऱ्याच्या फुगवट्यात पाणी भरपूर, ओढही नाही, तरी तिथे हे किडे जवळजवळ दिसतच नाहीत, ते का?

मुलांना सांगा, होय, पूर आला तेव्हा पात्रात जे होते त्यातले बहुतेक मेले किंवा वाहून गेले. आता दिसतायत ते वेगळे किडे आहेत. त्यातले बरेचसे पुराच्या वेळी जन्मलेलेही नव्हते. काहींचे आईबाप तेव्हा काठावरच्या झाडीत पंख मिटून बसलेले होते, काही अंड्यात होते, काही वरच्या बारक्या ओहोळात होते आणि थोडेसे पात्रातल्याच मोठ्या धोंड्यांच्या कपारीत टिकून राहिले. पुराला तोंड देणारे किडे असतात, पण कमी. पूर येईल तेव्हा त्या जागी नसणं, हा बहुतेकांचा मार्ग.

आता मुळातून. पाण्याचा जोर किड्यांना मारतो असं आपल्याला वाटतं, पण नुसत्या जोराला हे किडे फार भीत नाहीत. दगडाला अगदी लगटून वाहणारं पाणी घर्षणामुळे मंद असतं आणि चपट्या अंगाचा किडा तिथे चिकटून राहू शकतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतले सुंदरलाल होरा यांनी १९३० साली खळाळत्या पाण्यातल्या प्राण्यांच्या चिकटण्याच्या अवयवांवर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी पाहिलेले नमुने आजही थक्क करतात. ब्लेफॅरिसेरिडी कुळातल्या माशीच्या अळीला पोटाखाली एका रांगेत सहा चूषक असतात आणि त्यांच्या जोरावर ती धबधब्याच्या धारेखालच्या काळ्या खडकावर निवांत चरत फिरते. सिम्युलियम या बारक्या चावऱ्या माशीची अळी आधी खडकावर रेशमाची छोटी गादी विणते आणि शेपटाकडच्या आकड्यांनी त्या गादीला धरून उभी राहते. सुटलीच तर रेशमाच्या धाग्याला लटकते आणि धागा पकडत परत वर येते. वॉटर पेनी म्हणतात त्या भुंगेऱ्याची अळी तर इतकी चपटी असते की खडकावर डाग पडलाय असं वाटून आपण पुढे जातो.

मारतात ते दगड. पुरात एका मर्यादेपलीकडे पाणी गेलं की तळाचे गोटे जागचे हलतात. ओढ्याकाठी राहणाऱ्यांना रात्री धोंडे एकमेकांवर आदळल्याचा धडधडाट ऐकू येतो. ज्या दगडाला किडा धरून बसलाय तोच दगड गडगडत निघाला तर सहा चूषकांचाही उपयोग नाही. शिवाय वाळू आणि खडी प्रत्येक पृष्ठभागावरून घासत जाते, त्यात किड्यांचं खाद्य असलेलं शेवाळही जातं. तुम्हाला ऑगस्टमध्ये दिसलेले स्वच्छ दगड म्हणजे हीच खूण. म्हणून पूर किती फुटांचा होता यापेक्षा तळ हलला की नाही, हे मी आधी विचारते. पंचगंगेला कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका पातळी मानतात. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. पण ती पातळी माणसांच्या वस्तीसाठी आहे. वरच्या अंगाच्या ओढ्यात, जिथे उतार तीव्र आहे, तिथे तळ एखाद्या जोरदार सरीनंतरही हलतो आणि त्याची बातमी कुठेच येत नाही.

किती मरतात याचं सर्वांत नीट मोजमाप आपल्याकडचं नाही, अमेरिकेतल्या ॲरिझोनाचं आहे. फिनिक्स शहराच्या ईशान्येला सिकॅमोर क्रीक नावाचा वाळवंटी ओढा आहे. स्टुअर्ट फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे उन्हाळ्याच्या शेवटी आलेल्या पुराचा मागोवा घेतला आणि तो अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुराने शेवाळ जवळपास पूर्ण गेलं आणि तळातल्या अपृष्ठवंशीय प्राण्यांचा साठा ९८ टक्क्यांनी घटला. दोन ते तीन आठवड्यांत ओढा पुन्हा भरला. भरला कसा? आधी उडणाऱ्या प्रौढ किड्यांनी येऊन अंडी घातली, आणि त्यांची वाढ इतकी झपाट्याची की एका महिन्यात काही जातींच्या एकामागून एक पिढ्या होऊन गेल्या. उरलेले दोन टक्के वाढून ओढा भरला नाही, हवेतून भरला. तुमच्या मुलांच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं इथेच आहे.

ॲरिझोनाचं गणित आपल्याला जसंच्या तसं लावू नका. तिथलं पाणी जास्त तापतं, आणि पूर अचानक येऊन काही तासांत ओसरतो. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत एकामागून एक लोंढे येतात. पहिल्यानंतर कुणी अंडी घातलीच तर दुसरा ती धुऊन नेतो. म्हणून आपल्या ओढ्यात खरी भरती पावसाचा जोर उतरल्यावरच सुरू होते.

ती कशी होते हे बेटिस गटातल्या मेफ्लाय या नाजूक पंखांच्या किड्यावरून समजून घेऊ, कारण तुमच्या ओढ्यात पहिल्यांदा परतणाऱ्यांत ती नक्की असणार. पाण्यातलं पिल्लू पाच-आठ मिलिमीटरचं, निमुळत्या अंगाचं. पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे कल्ले, मागे बारीक शेपट्या. ते दगडावरचं शेवाळ खरवडून खातं आणि पुन्हा पुन्हा कात टाकून वाढतं. पाठीवरच्या पंखांच्या पिशव्या काळ्या पडल्या की समजायचं, बाहेर पडायला एक-दोन दिवसच उरले. मग ते पृष्ठभागावर येतं, कात फुटते आणि धूसर पंखांचा किडा उडून जवळच्या पानावर बसतो. इथे मेफ्लाय इतर सगळ्या कीटकांहून वेगळी ठरते. पंख फुटल्यानंतर ती आणखी एकदा कात टाकते. दुसरा कुठलाच कीटक हे करत नाही. त्यानंतरचे पंख काचेसारखे स्वच्छ. तोंड मात्र निकामी, खाणं-पिणं संपलेलं. उरलेलं काम एकच, जोडीदार शोधायचा आणि अंडी घालायची. ते काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत उरकायचं.

आता अंडी घालण्याचा भाग नीट पाहा, कारण सगळी गोष्ट त्यावर अवलंबून आहे. बेटिसच्या बऱ्याच जातींची मादी पाण्यावर अंडी टाकून निघून जात नाही. ती पाण्याबाहेर डोकं काढलेल्या दगडावर उतरते, पंख पाठीवर घट्ट मिटते आणि दगडाच्या कडेने चालत पाण्याखाली जाते. अंगाभोवती हवेचा चंदेरी थर चमकत असतो. दगडाच्या खालच्या बाजूला पोहोचल्यावर ती पोटाचं टोक इकडून तिकडे फिरवत एकाला एक लागून अंडी चिकटवते. पुरे होतं तेव्हा तिथे पिवळसर-पांढरा, गुळगुळीत, एकाच थराचा चट्टा दिसतो. बहुतेकदा ती पुन्हा वर येत नाही. ऑक्टोबरमध्ये असा दगड अलगद उलटलात तर चट्टा आणि त्याच्या शेजारी मेलेली मादी, दोन्ही सापडतील.

म्हणजे या मादीला लागतो अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर असलेला, न हलणारा दगड. जुलै-ऑगस्टमध्ये असे दगड पाण्याखाली बुडालेले असतात. सप्टेंबरात पाणी उतरतं, एकेक दगड डोकं वर काढतो, आणि तिथून अंडी घालण्याचा हंगाम खुला होतो. आपल्या कोमट पाण्यात अंडी आठवडा-दोन आठवड्यांत फुटतात आणि लहान जातींची अख्खी पिढी महिना-दोन महिन्यांत पूर्ण होते. सप्टेंबरच्या मध्यापासून मोजा. दिवाळीपर्यंत एक पिढी होऊन गेलेली आणि दुसरी वाढीला लागलेली असते. तुमच्या मुलांनी पाहिलेली गर्दी ती हीच. सुरुवात करणाऱ्या माद्या आल्या बारक्या ओहोळांतून आणि वरच्या, झाडीतल्या, कमी उतारावरच्या भागातून. प्रौढ मेफ्लाय आणि कॅडिसफ्लाय (पतंगासारखा दिसणारा, अळी पाण्यात वाढणारा किडा) अंडी घालण्याआधी बऱ्याचदा प्रवाहाच्या वरच्या दिशेने उडतात. पिल्लं पाण्याबरोबर खाली सरकतात, प्रौढ उडत वर जातात, असं हे चक्र स्वीडनमधल्या ओढ्यांवर काम करणाऱ्या कार्ल म्यूलर यांनी १९५४ मध्ये मांडलं होतं. ते सगळीकडे तितकंच ठळक दिसतं असं नाही, पण सह्याद्रीच्या तीव्र उताराच्या ओढ्यांसाठी ते मला फार पटतं.

सगळ्यांचं घड्याळ असं जलद नसतं. स्टोनफ्लाय हा दगडांखाली वाढणारा किडा त्याचं चांगलं उदाहरण. त्यातल्या, आपल्याकडे सापडणाऱ्या निओपर्लाचं पिल्लू गार, भरपूर ऑक्सिजनच्या पाण्यात सावकाश वाढतं. आता मुलांना एक काम द्या. नोव्हेंबरात सापडलेल्या किड्यांची लांबी मोजायला सांगा. दोन-चार मिलिमीटरची मेफ्लायची पिल्लं पुरानंतर जन्मलेली असणार. पण सेंटिमीटरभर लांबीची, दोन शेपट्यांची स्टोनफ्लाय मिळाली तर ती दोन महिन्यांत एवढी झालेली नाही. ती पूर काढून टिकली आहे किंवा वरून वाहत आलेली आहे. पाहुणा कोण आणि जुना रहिवासी कोण, हे फुटपट्टीने कळतं. कॉलेजच्या मुलांनाही मी हेच आधी करायला लावते.

पूर काढून टिकायच्या जागा कुठल्या? तळाच्या गोट्यांखाली, वाळू-खडीच्या थरात पाणी झिरपत असतं, तिथे बारकी पिल्लं खोल उतरतात. पण दख्खनच्या पात्रात बऱ्याच ठिकाणी सलग काळा कातळ असतो, खडीचा थर नसतोच. तिथे कातळातल्या भेगा आणि काठावरची मुळं याच जागा. नदीच्या खडकाळ पात्रात वाढणारी शेरणी तुम्ही पाहिलीच असेल, लवचिक फांद्यांची, पुरात आडवी होणारी आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा उभी राहणारी. तिच्या मुळांच्या जाळ्यात जाळी घालून पाहा. वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ यांची पाण्यात उतरलेली मुळंही तशीच. पात्र ‘स्वच्छ’ करताना शेरणी उपटतात तेव्हा किड्यांचा पावसाळी आसरा जातो.

जाळं विणणाऱ्या कॅडिसफ्लायची अळी दगडांच्या फटीत रेशमाची जाळी प्रवाहाकडे तोंड करून लावते. नोव्हेंबरच्या नितळ पाण्यात ही जाळी नुसत्या डोळ्यांनी दिसते. तिची अडचण कोषाची. कोष दगडाला चिकटलेला असतो आणि त्या अवस्थेत तिला हलता येत नाही. तिला हवा असतो स्थिर तळ आणि शांत काही आठवडे.

चतुरांचं वेळापत्रक याच्या उलट बाजूने लावलेलं आहे. वाळूत बिळं करून राहणाऱ्या गॉम्फिडी कुळातल्या चतुरांची पिल्लं सगळा कोरडा हंगाम तळात काढतात आणि त्यातली बरीच पावसाच्या तोंडावर बाहेर येतात. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात ओढ्यातल्या खडकांवर, पाण्यापासून हातभर उंचीवर, त्यांच्या रिकाम्या, मातकट काती चिकटलेल्या दिसतात. पाठीवर चीर आणि चिरेतून बाहेर आलेले पांढरे धागे. वळवाचे एक-दोन पाऊस झाले की त्या गोळा करून ठेवा, कारण मृगाचा पहिला लोंढा त्या धुऊन नेतो. पूर येतो तेव्हा हे चतुर रानात शिकार करत असतात.

ग्लोब स्किमर म्हणजे पँटाला फ्लॅवेसेन्स याने तर नदीचा नादच सोडला आहे. पावसाने साचलेल्या डबक्यात तो अंडी घालतो, पिल्लू साधारण दोन महिन्यांच्या आत वाढून उडतं आणि डबकं आटायच्या आत मोकळं होतं. हे पिवळसर चतुर ऑक्टोबरपासून मालदीवमध्ये लाखोंनी उतरतात, जिथे गोडं पाणी साठेल अशा जागा जवळपास नाहीतच. तिथे राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं की हे भारतातून निघून समुद्र ओलांडत पूर्व आफ्रिकेकडे जातात आणि पुढच्या पिढ्या पावसामागून परत येतात. तुमच्या शाळेच्या मैदानावर सप्टेंबरात घिरट्या घालणारे थवे त्यांचेच.

पाण्यातल्या ढेकणांबद्दल मुलांना नक्की सांगा, त्यांना मजा वाटेल. आपल्या तळ्यांत, भातखाचरांत डिप्लोनिकस नावाचा ढेकूण असतो. मादी अंडी नराच्या पाठीवर चिकटवते आणि ती फुटेपर्यंत नर ओझं वाहतो. त्याचाच ॲरिझोनातला भाऊबंद अबेडस हर्बर्टी. हाही पाठीवर अंडी वाहणारा, पण उडता न येणारा. डेव्हिड लिटल यांनी १९९९ मध्ये दाखवलं की जोराचा पाऊस अंगावर पडायला लागला की हा ढेकूण पाण्यातून बाहेर पडून काठ चढत लांब जातो. लोंढा येतो, ओसरतो, आणि हा परत येतो. पाण्याची पातळी वाढण्याची वाटही पाहत नाही, पाऊस हाच इशारा.

हा इशारा आपल्या घाटमाथ्यावर चालेल का? माझं मत, नाही. वाळवंटात जोरदार पाऊस क्वचित पडतो आणि पडला की पूर येतोच, म्हणून तिथे पावसावर विश्वास ठेवणं फायद्याचं. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथे प्रत्येक सरीला बाहेर पळणारा किडा चार महिने पळतच राहील, खाणार कधी? सरीगणिक इशारा इथे निरुपयोगी आहे. भरवशाचा आहे तो हंगाम. तरणा-म्हाताऱ्यात, म्हणजे पुनर्वसू आणि पुष्य नक्षत्रांच्या पावसात, पूर येणार हे तुमच्या गावातल्या शेतकऱ्याला माहीत असतं. किड्यांच्या शरीरात ते हजारो पिढ्यांच्या निवडीतून उतरलंय. लिटल आणि लेरॉय पॉफ यांनी २००४ मध्ये हा विचार नीट मांडला. पूर किंवा दुष्काळ ठरावीक वेळी, वारंवार आणि जोराने येत असेल तर जीवनचक्राच्या वेळा त्याभोवती बेततात. आणि हेच मला तुम्हाला सांगायचंय. वेळेवर आलेला मोठा पूर या किड्यांचं फारसं वाकडं करत नाही, अवेळी आलेला मध्यम लोंढा करतो. हस्ताच्या पावसात, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ओढा तळ हलेपर्यंत चढला तर नुकती फुटलेली पिल्लं आणि दगडाखालचे चट्टे दोन्ही जातात आणि भरती पुन्हा पहिल्यापासून.

सगळं मात्र एकदम जात नाही, कारण उष्ण प्रदेशातल्या बऱ्याच जातींच्या पिढ्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. कुठल्याही दिवशी तुम्हाला अंडी, बारीक पिल्लं, मोठी पिल्लं आणि उडणारे प्रौढ एकाच वेळी मिळतील. एका लोंढ्यात एक अवस्था गेली तरी दुसरी शिल्लक राहते.

आता तुमचा बंधाऱ्याचा प्रश्न. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पाऊस संपल्यावर बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतात आणि पुढच्या पावसाआधी काढतात. शेतीच्या पाण्याच्या दृष्टीने वेळ अगदी बरोबर. किड्यांच्या दृष्टीने मात्र वर सांगितलेला अंडी घालण्याचा हंगाम ऐन भरात असताना खळाळ बुडतो. डोकं वर काढलेले दगड पुन्हा पाण्याखाली जातात. प्रवाह थांबल्यामुळे कॅडिसच्या जाळ्यात काही येत नाही, गाळ बसून दगडांमधल्या फटी बुजतात. बेटिस, कॅडिस, स्टोनफ्लाय यांना ओढ नसणं म्हणजे विश्रांती नव्हे, उपासमार आणि गुदमरणं आहे. त्यांच्या जागी येतात डासासारख्या दिसणाऱ्या कायरोनोमिड माश्यांच्या लाल रंगाच्या अळ्या, ज्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असल्यामुळे कमी ऑक्सिजनमध्ये भागतं, शिवाय पाण्याचे ढेकूण आणि संथ पाण्यातले चतुर-टाचण्या. तेव्हा फुगवट्यात जीव नाहीत असं नाही, तुम्ही शोधताय ते नाहीत. बंधारे नकोत असं मी म्हणणार नाही, त्या पाण्यावर गावं जगतात. पण एका बंधाऱ्याचा फुगवटा वरच्या बंधाऱ्याच्या पायाला टेकतो तिथे मधे खळाळच उरत नाही, आणि सगळी भिस्त तुमच्यासारख्या ओढ्यांवर येते.

धरणाखालची गोष्ट याहून बिकट असू शकते. तिथे पाणी वाहतं, पण विजेच्या मागणीप्रमाणे दिवसातून वर-खाली होतं. अमेरिकेत ग्लेन कॅन्यन धरणाखालच्या कोलोरॅडो नदीत मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय इतक्या कमी का, याचं कारण थिओडोर केनेडी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं. बरेच कीटक पाण्याच्या कडेला, पृष्ठभागाच्या जरा खाली अंडी चिकटवतात. काही तासांनी पाणी उतरतं आणि अंडी उघडी पडून वाळतात. यावर तिथे २०१८ पासून एक प्रयोग झाला. मे ते ऑगस्टमध्ये शनिवार-रविवारी विसर्ग कमी आणि स्थिर ठेवायचा, म्हणजे त्या दोन दिवसांत घातलेली अंडी आठवडाभर पाण्याखालीच राहतात. वीजनिर्मिती बंद न करता, केवळ विसर्गाच्या वेळा बदलून केलेला हा प्रयत्न मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे कोयनेचं अवजल, म्हणजे वीज तयार करून झाल्यावर सोडलेलं पाणी, वाशिष्ठीत बारमाही सोडलं जातं आणि त्याचं प्रमाण वीजनिर्मितीवर ठरतं. वाशिष्ठीच्या काठावरच्या अंड्यांचा असा अभ्यास कुणी तरुणाने हाती घ्यावा असं मनापासून वाटतं.

थोडं कामाचं. नदीच्या आरोग्यासाठी कीटकांवरून गुण देण्याच्या पद्धतीत कुळानुसार गुण असतात, स्टोनफ्लायच्या पर्लिडी कुळाला दहा आणि कायरोनोमिडीला दोन. काही मंडळी पूर ओसरल्यावर लगेच नमुने घेतात आणि गुण कमी आले म्हणून नदी प्रदूषित ठरवतात. हे चूक आहे. तळ हलवणारा पूर गेल्यावर किमान चार-सहा आठवडे थांबा. त्याआधीचे आकडे पुराबद्दल सांगतात, प्रदूषणाबद्दल नाही.

तुमच्या मुलांसाठी ओढ्यावर तीन जागा ठरवा, एक खळाळ, एक डोह आणि एक काठावरच्या मुळांची. ऑक्टोबर ते मे दर महिन्याला एकदा जा. पांढरा ट्रे किंवा पांढरी परात, छोटी जाळी, जुना मऊ ब्रश, भिंग आणि फुटपट्टी एवढं पुरे. दगड उचलताना प्रवाहाच्या खालच्या बाजूला हाताने जाळी धरा, नाहीतर अर्धे किडे तिथेच निसटतात. नोंद फक्त किती आणि कुठले एवढ्यावर थांबवू नका. लांबी लिहा, पंखांच्या पिशव्या काळ्या आहेत का लिहा, आणि अंड्यांचे चट्टे दिसले तर दगड पाण्याबाहेर किती आला होता तेही. बर्गे कधी घातले ती तारीख त्याच वहीत असू द्या. पावसाळ्यात मुलांना पात्रात उतरवू नका, वर पाऊस झाला की घाटाखालचा ओढा डोळ्यांदेखत चढतो. त्या चार महिन्यांत काठावरच्या झाडांच्या पानांखाली प्रौढ किडे शोधायला लावा, तेही तितकंच महत्त्वाचं काम आहे. आणि उलटलेला प्रत्येक दगड होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवा. चट्टा वर आला तर ऊन लागून एका दुपारीत वाळतो.